दाराकडे पाठ केलेले हत्ती

साल १९८१. मे महिन्यात जालना वेगळा जिल्हा झाला आणि त्याच आठवड्यात रजनीचा धाकटा भाऊ भालचंद्र जाफराबादच्या स्टँडवर एसटीतून उतरला. हातात एक पिशवी, आणि एवढ्या उन्हात गळ्याला मफलर.

नोकरीसाठी या गावी आलेली रजनी तहसील कचेरीत कारकून होती. आईवडील गेलेले, लग्न झालं नव्हतं. संध्याकाळी कुलूप काढलं की घरात फक्त आपल्याच चपलांचा आवाज, अशी तिची सात वर्षं गेली होती.

भालचंद्र सतराव्या वर्षी मुंबईला गेला आणि इंग्रजी बँडमध्ये गाऊ लागला. सायकेडेलिक रॉक म्हणतात ते. रजनीने एकदाच, चौऱ्याहत्तर साली, ते ऐकलं होतं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं आणि मागच्या पडद्यावर तेलात कालवलेले रंग असे हलायचे, की भिंतच वितळतेय वाटावं. गाण्याआधी ते रंग तोच कालवून ठेवायचा. तिला कळलं काहीच नाही, पण पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती, आणि मधोमध तिचा भालू होता.

पुढे त्याच्या घशात गाठी झाल्या. आवाज चिरकू लागला तरी सोबतचे म्हणत राहिले, "भारी लागतोय!" आणि तो गात राहिला. शेवटी ऑपरेशन झालं, तोवर आवाज गेलेला होता. सोबतच्यांपैकी एकजणही दवाखान्यात फिरकला नाही.

महिनाभर तो रद्दी कागदांच्या पाठीवर रंगवत बसला. बोलायचा नाही. पण घरात दुसऱ्या माणसाचं खोकणं ऐकू यायचं, रजनीला तेवढ्यानेही बरं वाटायचं. हा उठून पुन्हा निघून जाईल, ही धास्ती मात्र जात नव्हती.

समोरच्या दुर्गाबाईंच्या लेकीचं, बेबीनंदाचं लग्न निघालं. लग्नघराच्या दाराशी दोन्ही अंगांना हत्ती आणि खाली नवरानवरीची नावं रंगवायची, ही तिकडची रीत. हसनाबादचा कडूबा पेंटर दुसऱ्या गावी अडकला होता.

"बाई, तुमचा भाऊ दिवसभर कागदं खराब करून राह्यला," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझी भिंत खराब करील का?"

"करील की! विचारते त्याला," रजनी हसून म्हणाली.

तीन दिवस भालचंद्र भिंतीपुढे होता. हळदीच्या आदल्या संध्याकाळी रजनी कचेरीतून आली आणि रस्त्यातच थांबली. भिंतीवर जांभळ्या आभाळातून नारिंगी लाटा उतरत होत्या, रंगवलेल्या नवरीच्या केसांतून कपाशीची बोंडं फुटली होती. आणि दोन्ही हत्ती दाराकडे पाठ करून बाहेर निघाले होते.

हत्तीचं तोंड दाराकडे हवं, म्हणजे लक्ष्मी घरात येते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भालचंद्रला कोण सांगणार?

तो शिडीवर बसून पायाने ताल धरत होता. "कसं झालंय, ताई?" त्याने घरघरत्या आवाजात विचारलं.

सहा आठवड्यांत त्याने पहिल्यांदा काही विचारलं होतं. अजून हत्ती फिरवता आले असते. पण चूक दाखवली आणि हा उद्याच्या गाडीत बसला तर?

"फार छान," रजनी म्हणाली.

सकाळी दुर्गाबाईंच्या ओरडण्याने अख्खी गल्ली जमली. "हत्ती घर सोडून चाल्ले की! लक्ष्मीला बाहेरची वाट दाखवून राह्यले का तुम्ही?" दोन बायकांनी चुन्याची बादली आणली आणि बघता बघता भिंत पांढरी झाली.

नेमका त्याच वेळी कडूबा सायकलवरून पोचला. चुन्याखालून अजून डोकावणारा जांभळा रंग त्याने बोटाने चाचपला. "साहेब, रंग एक नंबर. हत्ती बिलकुल बेकार! मंग, चालता का माझ्यासंगं? मी हत्ती शिकवतो, तुम्ही हे रंग शिकवा."

भालचंद्र हसला. त्याने वळून बहिणीकडे पाहिलं. "ताई, तुला माहीत होतं?"

रजनीने होकारार्थी मान हलवली.

"बँडमधल्यांसारखं तूही छानच म्हणालीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं.

लग्न लागल्यावर तो कडूबाबरोबर हसनाबादला गेला आणि तिथेच राहिला. दिवाळीला रजनी डबा घेऊन जायची. तो नीट जेवायचा, पण नवी चित्रं कधी दाखवायचा नाही.

चौऱ्याण्णव साली औरंगाबादला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. रजनी आपण होऊन गेली. अभिप्रायाच्या वहीत सगळ्यांनी 'अप्रतिम' लिहिलं होतं. तिने बराच वेळ पेन हातात धरलं आणि लिहिलं, 'निळा रंग फार झाला. दारापाशी टांगलेलं चित्र घाईत उरकलंय. रजनी.' पुढच्या रविवारी भालचंद्र जाफराबादला आला, दोन कप चहा प्यायला, तिच्यापुढे चार चित्रं पसरली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. राहा असं तिने म्हटलं नाही.

कडूबा अठ्ठ्याण्णव साली गेला. दुर्गाबाई मुलाकडे जालन्याला राहायला गेल्या. बेबीनंदा वाटूरला नांदते, तिला तीन लेकी आहेत. भालचंद्र २००४ च्या थंडीत हसनाबादलाच वारला. त्याची चित्रं कुठे कुठे गेली याचा पत्ता नाही. रजनी २००१ साली निवृत्त झाली, घर तेच आहे. गल्लीतल्या बायका नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारायच्या, तेव्हा ती खरं काय ते सांगायची. आता फारसं कुणी विचारायला येत नाही.