केमची शेळी इंग्रजीत

सोलापूरच्या मिशन शाळेत चौथीच्या मुलींना शिकवणाऱ्या वच्छलाबाई आढाव इंग्रजी शिकल्या त्या कुणा मास्तरापाशी नव्हे, स्वतःच्या दोन मांड्यांवर. डाव्या मांडीवर मराठी बायबल, उजव्या मांडीवर इंग्रजी, आणि समोर चुलीवर आमटी. एक वचन इकडे वाचायचं, तेच तिकडे शोधायचं. आमटी किती वेळा आटली याचा हिशेब नाही, पण इंग्रजी आलं.

अडचण एवढीच की ते इंग्रजी फार जुनं होतं. साबणाची वडी मागायची तरी त्यांच्या तोंडून एखाद्या संदेष्ट्याची भाषा बाहेर पडायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साबण तर मिळत होता.

शाळेच्या मुख्य मिस पेनरोज, म्हणजे सगळ्यांच्या मिसबाई, दरवर्षी अमेरिकेतल्या बायकांच्या एका मासिकाला इथली एक खरी गोष्ट पाठवत. सांगायची इथल्या कुणी, लिहायची मिसबाईंनी. मागल्या वर्षी सांगणाऱ्या वच्छलाबाई होत्या. मासिक छापून आलं तेव्हा त्यांनी स्वतःला शोधलं. ‘एक हिंदी भगिनी’ म्हणून त्या सापडल्या. अनवाणी होत्या आणि डोळ्यांतून आसवं गळत होती. वच्छलाबाईंना आठवत होतं, त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या आणि पायांत चांगल्या करकरीत वहाणा होत्या.

म्हणून यंदा मिसबाईंनी विचारताच त्या म्हणाल्या, “मीच लिहीन. इंग्रजीत. खाली माझं नाव घालून.”

मिसबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “लिहा ना. पण शुक्रवारच्या टपालानं जायला हवं. तोवर जमलं नाही, तर तुम्ही सांगाल आणि मी लिहीन. चालेल?”

“चालेल,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि वाटेत कोरे कागद विकत घेऊनच घरी गेल्या.

गोष्ट ठरलेलीच होती. त्यांची आई मायाक्का केम गावी राहायची. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच घरची शेळी व्यायला बसली होती. वच्छलाबाई तेव्हा पाळण्यात होत्या, पण गोष्ट आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेली की डोळ्यांनी पाहिल्यासारखी. दोन संध्याकाळी खपून त्यांनी ती लिहिली.

मिसबाई वाचू लागल्या आणि अर्ध्या पानावर त्यांनी रुमाल तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. वच्छलाबाईंच्या इंग्रजीत केम हे नगर झालं होतं, शेळीचे दिवस भरत आले होते, आणि शेजारची चिमाबाई गरम पाणी घेऊन आली ती देवदूतानं वार्ता आणावी तशी.

“माफ करा,” मिसबाई डोळे पुसत म्हणाल्या, “फार सुंदर आहे. पण असं इंग्रजी आता कुणी बोलत नाही. माझ्या आजीची आजीही बोलत नसेल.”

वच्छलाबाई कागद घेऊन घरी आल्या. नवरा एकनाथराव मुलांच्या शाळेत मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुशीत येऊन पगडी खुंटीला लावली.

“अगं, मला विचारायचंस की. निबंधाची रीत असते. आधी विषयाची ओळख, मग वर्णन, मग उपयोग, मग शेवट.”

“उपयोग कुणाचा? आईचा?”

“शेळीचा. चल, लिही मी सांगतो तसं.”

अशी दुसरी प्रत झाली. शेळी हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, इथून ती निघाली. शेळीचं दूध, शेळीच्या लेंड्या, शेळीचा स्वभाव, असं सगळं पार करून मायाक्का शेवटच्या चार ओळींत कशीबशी बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाली.

मिसबाई या वेळी हसल्या नाहीत. तेच वाईट झालं. “चूक एकही नाही,” त्या म्हणाल्या. “पण वच्छलाबाई, यात तुमची आई दिसत नाही.” मग हळूच, “मी लिहू का? उद्या शुक्रवार आहे.”

“उद्या आहे ना? आज नाही.”

बोलून तर बसल्या. शाळा सुटल्यावर घरी न जाता त्या शेजारच्या काशम्माच्या ओसरीवर जाऊन बसल्या. काशम्माचा नवरा आत हातमागावर विणत बसलेला असायचा आणि ती ओसरीवर रहाट फिरवून सुताच्या कांड्या भरायची. घर तेलुगू, पण सगळ्या गल्लीशी तिचं मराठीत चाले.

“तोंड का असं?” काशम्मानं रहाट न थांबवता विचारलं.

“गोष्ट लिहिली, पण बिघडली.”

“वाच की. माझं हात कामात हाय, कान रिकामं हाय.”

वच्छलाबाईंनी शेळीचा निबंध मराठी करून वाचायला घेतला. रहाट गरगर फिरत राहिला. दूध आलं, गेलं. लेंड्या आल्या, गेल्या. काशम्मानं एक कांडी काढून दुसरी लावली. मध्येच आत नवऱ्याला भाकरीचं विचारून घेतलं.

“ऐकतीयस ना?”

“ऐकतीय की. शेळीचं चाललंय. आमच्याकडं व्हती शेळी, मला ठावं हाय सगळं.”

वच्छलाबाईंनी कागद घडी करून मांडीखाली घातला. त्यांना रडूही येईना आणि हसूही येईना. मग नुसतं बोलायचं म्हणून त्या बोलल्या, आई बोलते तशाच.

“अगं, पाद्री आलेला बैलगाडीनं. पितळेच्या वाटीत पाणी भरून तयार. आई पुढं बसली, अन् तेवढ्यात मागं शेळी ओरडली. पिल्लू आडवं आलेलं. आई उठली. म्हणाली, साहेब, तुमचा देव थांबंल, शेळी न्हाय थांबायची.”

रहाट थांबला.

“असं म्हणली पाद्रीला?”

“म्हणाली.”

“मग? त्यो चिडला असंल.”

“चिडतोय कसला. कोट काढून खुंटीला लावला, बाह्या सारल्या, अन् शेळीच्या मागं गुडघ्यावर बसला. दोघांनी मिळून पिल्लू काढलं. एक नाही, दोन निघाली. अन् हात धुवायला पाणी कुठलं घ्यावं? बाप्तिस्म्याचंच. वाटी रिकामी.”

काशम्मा पदर तोंडावर घेऊन हसली. सूत गुंतलं, तिचं लक्ष नव्हतं. आतला मागही बंद पडला होता.

“मग परत पाणी आणलं, बाप्तिस्मा झाला. आई सांगते, त्या माणसाच्या हाताला शेळीचा वास येत व्हता, म्हणून मला त्यो आपला वाटला.”

काशम्मा हात रहाटावर ठेवून तशीच बसली. वच्छलाबाईंनी मांडीखालचा कागद काढून पाहिला. हे वासाचं वाक्य त्यांनी एकाही प्रतीत घातलं नव्हतं. बरं दिसणार नाही, म्हणून.

“मी जाते,” त्या म्हणाल्या.

“पिल्लांचं काय झालं ते सांगून जा.”

“मोठी झाली.”

त्या संध्याकाळी त्यांनी गोष्ट तिसऱ्यांदा लिहिली. रहाट जिथे थांबला होता तिथे एक शब्द कमी केला नाही. जिथे तो फिरला होता, ते सगळं गाळलं. इंग्रजी साधं, आखूड. एकनाथरावांनी वाचून पाहिलं आणि ते हिरमुसले. “विषयाची ओळख राहिली की गं.”

“शेळी ओरडते, तीच ओळख.”

शुक्रवारी सकाळी मिसबाई वाचत होत्या आणि वच्छलाबाई समोर उभ्या. बाह्या सारल्या तिथे मिसबाई मोठ्यानं हसल्या. शेवटी मात्र चष्मा काढून खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग दौतीत टाक बुडवला.

“एकच भर घालते. सुरुवातीला लिहू, ‘अंधारात बुडालेल्या एका खेड्यात.’ तिकडच्या वाचकांना बरं वाटतं.”

नाही म्हटलं तर गोष्ट इथेच राहील. हो म्हटलं तर परत अनवाणी, परत आसवं.

“अंधार कुठला, मिसबाई? भर दुपारची गोष्ट आहे. आणि केमला स्टेशन आहे.”

टाक वरच्या वर थांबला. मिसबाईंच्या गालांवर लाली चढली आणि मग त्या हसायला लागल्या, थांबेचनात. टाक त्यांनी वच्छलाबाईंच्याच हातात दिला. “तुमची गोष्ट, तुमचा शब्द. सही करा खाली. पूर्ण नाव.”

मासिक आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. गोष्टीखाली नाव ठसठशीत: वच्छला आढाव, सोलापूर. ‘भगिनी’ कुठेच नव्हती. एकनाथरावांनी ते पान शाळेत सगळ्यांना दाखवलं आणि निबंधाची रीत आपणच सांगितली होती, हेही सांगितलं.

रविवारची प्रार्थना झाल्यावर वच्छलाबाई गाडीनं केमला गेल्या. मायाक्का अंगणात सूप घेऊन शेंगा फोडत होती. लेकीनं मासिक उघडून इंग्रजीची मराठी करत सगळी गोष्ट तिला वाचून दाखवली. म्हातारी एक शेंग न फोडता ऐकत राहिली. पाद्रीनं कोट काढला तिथे मान डोलावली. वासाचं वाक्य आलं तिथे डोळे टिपले. शेवटी छापलेल्या नावावरून तिनं बोट फिरवलं.

“ह्ये तुजं नाव?”

“व्हय.”

“आन् माजं?”

“हे बघ, वर. मायाक्का. तीनदा आलंय.”

“पाद्रीचं?”

“तेही आहे.”

म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. “शेळीचं कुटं हाय?”

वच्छलाबाई गडबडल्या. “शेळीला नाव होतं?”

“व्हतं की. चंद्री. येवढी अमेरिकेला धाडलीस, आन् बिननावाची धाडलीस? लई वाईट केलंस बग.”

वच्छलाबाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि अंगणातच बसकण मारली. “बरं, आता सांग. आणखी काय काय राहिलंय?”