रिपोर्टातली चौतीस वर्षांची बाई

प्रयोगशाळेत मला सगळे डास म्हणतात, घरी आईसुद्धा, आणि मला त्याचं काही वाटत नाही. वीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. सुई बघून आडवे झालेले पहिलवान पाहिलेत, ‘हळू हं’ म्हणत माझाच हात पिरगाळणारे प्राध्यापक पाहिलेत. कुणाची शीर सापडत नसली की दुसऱ्या मजल्यावरून मला बोलावणं येतं. मी दंडाला पट्टा बांधते, मूठ वळायला सांगते आणि समोरचा ‘टोचलंत का?’ विचारेपर्यंत नळी भरलेली असते. एवढं स्वतःचं कौतुक आत्ताच उरकून घेते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कौतुकासारखं काही नाही.

माझी भावजय एकोणचाळीस वर्षांची आहे. हे घरात तिघांनाच माहीत होतं: तिला, माझ्या धाकट्या भावाला आणि मला. आईच्या हिशेबी ती चौतीसची. हा उद्योग माझा. तीन वर्षांपूर्वी भावाने तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा आईने पाणीसुद्धा विचारायच्या आधी वय विचारलं. भाऊ तेहतीसचा, ती छत्तीसची, आणि बायको नवऱ्यापेक्षा लहानच हवी हे आईचं ठाम मत. भाऊ स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले, एकतीस. आई खूश, भाऊ खूश. भावजयीने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, पण गप्प राहिली. लग्न झाल्यावर सांगू असं ठरलं. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग तिचं दुखणं कमी होऊ दे, असं करत करत राहूनच गेलं. तीन धडधाकट माणसं एका लंगडणाऱ्या बाईला घाबरून होतो.

आणि मग तिला दिवस गेले. तिसरा महिना सरत आला तशी डॉक्टरांनी ती ठरलेली रक्ततपासणी सांगितली. बाळाच्या गुणसूत्रांत काही गडबड असण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधणारी. होणाऱ्या आईच्या रक्तातले दोन पदार्थ मोजायचे, सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं माप घ्यायचं, त्यात तिचं वजन आणि वय घालायचं, की यंत्र एक आकडा देतं. वय वाढलं की शक्यता वाढते, म्हणून त्या आकड्यात वयाचा वाटा मोठा. यंत्राला डोळे नसतात. तुम्ही वय लिहाल तेच ते धरून चालतं.

तपासणीच्या दिवशी बोलावणं नसताना आईही आली. शाळेच्या कचेरीत तिची तीस वर्षं गेली, त्यामुळे कुठलाही अर्ज उलटा धरलेला असला तरी ती वाचते. मी काउंटरवर भावजयीचा अर्ज भरत होते आणि आईचा चष्मा माझ्या खांद्यावर टेकला होता. वयाचा रकाना आला. मी चौतीस लिहिलं. भावजय तेव्हा आत वजनकाट्यावर उभी होती. आई गेली की खोडून नीट करू, असं मी मनात म्हटलं. पण तेवढ्यात बाहेर रांग वाढली, एका तान्ह्या पोराने दवाखाना डोक्यावर घेतला, प्रिंटरने कागद खाल्ला आणि मी विसरले. कितीही सजवून सांगितलं तरी शब्द तोच आहे. विसरले.

आकडा आला सहाशेवीसात एक. म्हणजे शक्यता कमी, पुढे काही करायची गरज नाही. रिपोर्ट भावाच्या फोनवर गेला आणि संध्याकाळपर्यंत आईने तो अख्ख्या इमारतीला वाचून दाखवला. मी मात्र तो सकाळीच कामावर संगणकात पाहिला होता. वय, चौतीस. आणि तिथे मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा वाईट. मी पान बंद केलं. कमी ते कमीच, असं स्वतःला समजावलं. भावाला बाजूला घेऊन सांगितलं, तर तो म्हणाला, राहू दे ना, चांगलं आलंय तर कशाला उकरायचं. आम्ही दोघं भावंडं शोभतो.

रिपोर्ट आल्यापासून नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भावजय एकटीच प्रयोगशाळेत आली. ती पुलांची इंजिनिअर आहे. पूल पडू नये म्हणून शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचायची तिला सवय. तिने रिपोर्टचं तिसरं पान माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि वयावर बोट टेकवलं.

“ताई, हा आकडा माझा आहे, की या चौतीस वर्षांच्या बाईचा?”

मी घास गिळला आणि म्हटलं, तिचा.

“मग माझा किती?”

मी तिला आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमकडे नेलं आणि उभ्याउभ्याच सगळं कबूल केलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या. दोन मिनिटांत त्यांनी खरं वय घालून आकडा काढला. एकशे अठ्ठ्याहत्तरात एक. अडीचशेत एक ही धोक्याची रेषा धरतात, हा तिच्या पलीकडचा. मॅडमनी तिला शांतपणे समजावलं की हा आजार नव्हे, नुसती शक्यता आहे. अशा एकशे अठ्ठ्याहत्तर बायकांतल्या एकशे सत्याहत्तरांचं बाळ या बाबतीत ठीक असतं. पण आता दुसरी, जास्त खात्रीची रक्ततपासणी करता येईल. बाळाच्या गुणसूत्रांचे बारीक तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, तेच त्यात तपासतात. तीही शेवटचा शब्द नव्हे, पण अंदाज पुष्कळ पक्का. भावजयीने प्रश्न विचारले, उत्तरं वहीत लिहून घेतली.

बाहेर जिन्यात ती थांबली.

“आठ दिवस मी बाळासाठी नावं शोधत होते आणि तुम्हाला माहीत होतं.”

मी म्हटलं, अगं, तुला उगाच काळजी नको म्हणून.

“काळजी माझी होती ताई. ती तुम्ही कोणाला विचारून ठेवून घेतलीत?”

ती जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी तिने नवा रिपोर्ट सरळ आईच्या हातात दिला. मी आणि भाऊ शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे. आईने सवयीने पेन्सिल काढली, एकोणचाळीसवर गोल केला आणि मला फर्मान सोडलं की उद्याच्या उद्या हे दुरुस्त करून आण, लोकांना साधं वय लिहिता येत नाही. भावजय म्हणाली, “आई, हे बरोबर आहे. आधीचं चुकीचं होतं. तीन वर्षं चुकीचंच होतं.”

आई घर डोक्यावर घेणार, भांडी आपटणार, बहिणीला फोन लावून माझं श्राद्ध घालणार, अशी माझी तयारी होती. तिने पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे तीन वर्षं मी हिला म्हणतेय, वयाच्या मानाने थकलेली दिसतेस, आणि तुम्ही दोघं नुसते ऐकत होतात?” हे आम्हाला होतं. भाऊ घसा खाकरून कुठेतरी निघाला, आईने त्याला जागेवर बसवलं. मग तिने त्या आकड्याचा अर्थ विचारला. भावजयीने सांगितला. आईचं पहिलं म्हणणं, कसल्या तपासण्या, जे येईल ते आपलं. भावजय म्हणाली, आपलं तर आहेच, पण काय येतंय ते मला आधी कळायला हवं. आई म्हणाली, बरं. आईच्या तोंडून एका दमात ‘बरं’ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या तपासणीला त्या दोघी एकत्र आल्या. मी पट्टा, सुई, नळ्या, सगळं मांडून तयार होते. भावजय खुर्चीत बसली, बाही वर केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही नको. दुसरं कोणी काढू दे.”

काढायला होती ती दोन महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी. तिने पहिल्यांदा शीर चुकवली. दुसऱ्यांदाही चुकवली. भावजयीच्या शिरा मला खोलीच्या दारातून दिसत होत्या, डोळे मिटून सापडतील अशा. मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले. भावजयीने ओठ घट्ट मिटले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आईने लंगडत पुढे जाऊन तिचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. सासूपासून जिला वाचवायला मी सगळं रचलं होतं, ती सासूचा हात धरून बसली होती आणि दाराबाहेर मी होते. तिसऱ्या खेपेला नळी भरली.

पुढचे दहा दिवस मी लोकांना कमी टोमणे मारले. दहाव्या दिवशी रिपोर्ट आला हे मला कळलं, कारण तो माझ्यापासून दोन टेबलं सोडून आला. मॅडमनी पाकीट स्वतः बंद केलं आणि भावजयीला बोलावून तिच्याच हातात दिलं. ती माझ्या टेबलावरून गेली, मान हलवली, निघून गेली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मी संगणकात बघू शकले असते. तासभर मी त्या संगणकासमोर बसून होते आणि हात लावला नाही.

मग आईचा फोन आला. म्हणाली, सगळं ठीक आहे, बाळाला धोका नाही म्हणतात. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरेना आणि समोर रांग होती.

“मी विचारलं तिला, डासाला सांगू का,” आई म्हणाली. “जरा विचार करत बसली. मग म्हणाली, सांगा.”