सुकल्याशिवाय तोंड उघडत नाही

मी हौदामागचं शेवाळ बोलतोय. उभ्यानं ऐकू यायचं नाही, जरा खाली बसा. गुडघे दुखत असतील तर पाट घ्या, पण बसा. आजवर माझ्यासमोर बसलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत, त्यामुळे बसणाऱ्याला मी फार मानतो.

वाऱ्यावरच्या धुळीचा एक कण होतो मी. सोलापूरच्या पूर्व भागात सिद्धलिंगप्पांच्या घरामागं बोळ आहे, बोळात सिमेंटचा हौद. त्याला बारीक चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी झिरपून भिंत ओली राहायची. या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि मला मात्र रोज ओल! पोटापाण्याची सोय झाली म्हणून तिथंच पाय रोवले. उन्हाळ्यात हौद तळाला गेला की मी करपून जायचो. मग कुणीतरी तांब्या विसळून पाणी फेकायचं आणि मी बघता बघता पुन्हा हिरवा. मरायचं नाही, एवढं एकच मला नीट जमतं.

या घरात सून आली, दुधनीची शिवानी. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. थंडी सरतानाच्या एका संध्याकाळी ती धुमसतच घरी आली. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच आहे, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"अत्ती, आज शेवाळाचा धडा घेतला," ती सासूला, गंगम्माला सांगत होती. "एक पोरगी म्हणते, मॅडम, हे महाबळेश्वरात असतंय. सोलापुरात माणसालाच पाणी न्हाय, शेवाळाला कोण देतंय? सगळा वर्ग हसला."

"खरंच हाय की."

"खरं कसं? आपल्या हौदामागं हाय न्हवं! त्याचाच फोटो दाखवणार मी. असा की कुपीचे दातसुद्धा दिसले पाहिजेत."

"शेवाळाला दात?" गंगम्मानं तोंडाला पदर लावला.

हसू नका, असतात. माझ्या अंगातून केसासारख्या दांड्या वर येतात. प्रत्येकीच्या टोकाला मोहरीहून लहान कुपी असते आणि तिच्यात माझं बी. पुस्तकात त्याला बीजाणू म्हणतात. कुपी पिकली की झाकण गळून पडतं आणि तोंडाशी इवल्या दातांचं कडं दिसतं. ते उघडलं तर बी वाऱ्यावर जातं आणि माझा वंश चालतो. नाही उघडलं, तर मी त्या भिंतीपुरताच.

शिवानी पोतं अंथरून बोळात पालथी पडू लागली. जुन्या कॅमेऱ्याचं भिंग उलटं धरून तिनं ते मोबाइलला रबरानं बांधलं होतं. त्यातून कुपी लिंबाएवढी दिसायची, पण नुसता श्वास लागला तरी निसटायची. त्यात शेजारी कापडाचे माग. त्यांच्या खडखडाटानं भिंत थरथरते आणि माझ्या दांड्याही. म्हणजे फोटो निघाला तर मागांच्या सुट्टीला, रविवारीच. शेजारणी डोकावून विचारायच्या, "काय गं, कानातलं पडलं काय?" ही हलायची नाही. हट्टाला हट्ट भेटलाय हे मी तेव्हाच ओळखलं.

इकडं सासरे, सिद्धलिंगप्पा, कावले. "हौद गळलालाय, आन् तुमी फोटो काढलालाव! मी उद्या चीर बुजवतो, आन् रविवारी भिंत खरवडून चुना मारतो."

त्यांचं चूक नव्हतं. माझी ओल म्हणजे त्यांच्या तोंडचं पाणी.

"मामा, रविवारी दुपारपर्यंत तरी थांबा," शिवानी म्हणाली.

"जेवायच्या आदी खरवडायचा पत्रा लागणार बघ."

माझी झाकणं गळली होती, दात उघडायचे तेवढे बाकी. पण ते ओले असले की मिटूनच राहतात. ओल्यात बी सांडलं तर पायाशीच चिकटून बसेल ना! शिवानीनं हे कधी वाचलंही असेल, पण पुस्तकातली ओळ पुस्तकातच राहते. गंगम्मा रोज सडा मारून उरलेलं पाणी माझ्यावर शिंपडायची, बाजारात मेथीवर शिंपडतात तसं. फोटोत ताजं दिसावं म्हणून! मागून शिवानी स्प्रेची बाटली घेऊन हजर. मी आतल्या आत ओरडत होतो, बायांनो, पुरे करा. शिवानीला रोज मिटलेल्याच कुप्या दिसायच्या आणि तिचा चेहरा उतरायचा.

मग सिद्धलिंगप्पांनी हौद रिकामा करून चीर बुजवली. घरात पिण्यापुरत्या दोन घागरी उरल्या. सडा बंद, स्प्रे बंद. रविवार उजाडेपर्यंत मी तपकिरी झालो, पानं मुडपून गेली.

"मेलं ते, अत्ती," शिवानी म्हणाली. आवाज रडवेला होता. तरी पोतं घेऊन आलीच. माग गप्प होते. मागं दारात सासरे पत्रा घेऊन उभे. ऊन भिंतीवर चढलं आणि माझा पहिला दात उचलला गेला. मग दुसरा.

तेवढ्यात गंगम्मा आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी फुलपात्रात घेऊन आली. "बिचारं तहानलंय गं. जाताना तरी घोटभर पिऊन जाऊ दे." फुलपात्र कललं.

"अत्ती, पाणी नको!"

त्या घरात गंगम्मावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. तिचा हात जागच्या जागी थांबला. "माज्यावर वरडलीस?"

"दात उघडलालेत, अत्ती," शिवानी भिंगावरची नजर न काढता पुटपुटली. "सुकल्यावर उघडतात. हलू नका."

तिनं श्वास रोखला आणि बटण दाबलं. मीही होतं नव्हतं ते सगळं बी सोडून दिलं. इतका मोकळा मी कधीच झालो नव्हतो.

गंगम्मानं ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि पोत्यावर बसली. "सरक, बघू दे." मग एकदम, "अय्यो शिवा! सूर्यफूल की हे!"

सिद्धलिंगप्पांनी चष्मा चढवून फोटो बराच वेळ पाहिला. "आपल्या भिंतीवरचं?"

"व्हय, मामा."

त्यांनी मोबाइल परत दिला आणि भिंत खरवडली. बोलले होते ना! फक्त भिंतीवरून जाणाऱ्या पाइपमागं पत्रा पोचला नाही. की त्यांनी घातला नाही, कोण जाणे.

सोमवारी फोटो वर्गात गेला. कुणी हसलं नाही. संध्याकाळी शिवानी सांगत होती, "ती पोरगीच विचारत होती, मॅडम, आमच्या मोरीजवळबी असंल काय?"

आता पाऊसही सरलाय. मी पाइपमागं तळहाताएवढा उरलोय आणि मजेत आहे. गंगम्मा तांब्या घेऊन येते, पण आधी हाक मारते, "शिवानी, वतू का नको गं?" आणि भिंतीच्या पायथ्याशी, भांडी विसळतात तिथं, नखाएवढा हिरवा डाग उठलाय. तो माझाच.

परवा तो सिद्धलिंगप्पांना दिसला. पत्रा हातातच होता. त्यांनी वाकून डाग पाहिला. मग पत्रा भिंतीला टेकवून ठेवला, "शिवानी, तुजं ते भिंग आण की," म्हणून हाक दिली आणि गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले.