मफलरची गाठ

गाठ आज पुन्हा डावीकडे सरकली होती. वीतभर आरशात चंदनाने ती पाहिली — वांगी रंगाच्या लोकरीची सैल गाठ, एक टोक लांब, एक आखूड — आणि हनुवटी वर करून ओढून घेतली. किती, तर पोलक्याची कड आणि मफलरची कड यांच्यामध्ये कातडीची रेघसुद्धा दिसू नये इतकी. खिडकीतून ऊन आत आलं होतं. परवापर्यंत ते कोवळं होतं, आज चटका देत होतं. माघ सरत आला... बेळगावची थंडी झाली म्हणून तरी किती दिवस साथ देणार?

मफलर घेतला तेव्हा थंडी खरीच होती, हे तिने स्वतःलाही बजावून ठेवलं होतं. कार्तिकातली पहाट, निपाणीहून सुटलेली मोटार, काकतीच्या पुढे आल्यावर खिडकीतून घुसणारं वारं, आणि त्या वाऱ्याने सगळं अंग सोडून नेमका गळाच धरलेला. आठ वर्षं काळ्या मण्यांची सवय झालेला गळा. ते मणी तिने निघताना खुंटीवर अडकवले होते, नवऱ्याच्या, पद्मराजच्या, कोटाशेजारी, त्याला कोट घालताना हाताला लागावेत असे. मूल नाही म्हणून त्याने दुसरी केली, वखारीतल्या तंबाखूची प्रत ठरवावी इतक्या थंडपणे तिला सांगितलं, "तू थोरली म्हणून ऱ्हा की, तुला कोण जा म्हणतंय?" कोणी म्हणत नव्हतं, म्हणूनच ती निघाली. आणि बेळगावात उतरल्याबरोबर कँपातल्या दुकानात शिरून, मडमा घेतात तसला मफलर घेतला. दुकानदाराने सुतीही दाखवले होते. तिने लोकरीचाच उचलला, कारण तो ऊबदार होता आणि, खरं सांगायचं तर, दिसायला फार देखणा होता. जैनाच्या मुलीने करू नये ती चूक तिने तिथेच केली. लोकर अंगावर घेऊन बस्तीत, जिनमंदिरात, पाऊल टाकायचं नसतं, हे तिला घुटीबरोबर पाजलेलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते आठवलं नाही.

मग हिवाळाभर ती बस्तीत गेलीच नाही. बस्तीच्या दारात मफलर काढावा लागला असता, आणि मफलरखाली काय नाही ते सगळ्या बायकांना दिसलं असतं. मालक निपाणीला वखारीत असतात, एवढंच तिने शाळेत शिकवायला लागताना सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण नवरा टाकून आलेल्या बाईच्या हाती शाळेची कमिटी मुलींचा वर्ग ठेवील होय? नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की निपाणीची मोटार... त्या मोटारीत पुन्हा बसायचं नाही. मरेन, पण बसणार नाही.

वर्गात शिरताच तिला नेहमीप्रमाणे आपल्या गाठी दिसल्या. दिवाळीनंतर निम्म्या मुली तशीच गाठ घालू लागल्या होत्या. कुणी भावाचा मफलर पळवलेला, कुणी आजोबांच्या कानटोपीच्या जोडीतला उचललेला, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडलेल्या. 'चंदनाबाईंची गाठ' असं तिला नावच पडलं होतं. म्हणजे आपण लपायला जागा शोधली, आणि पोरींनी तिथे जत्रा भरवली! पहिल्यांदा कळलं तेव्हा ती एकटीच खूप हसली होती. आज मात्र फळ्यापाशी उभी असताना तिला त्यांचा हेवा वाटला, चांगला सणसणीत हेवा. त्यांचे गळे झाकलेले नव्हतेच. गाठी कुठेही लोंबत होत्या, टोकं खांद्यावरून उडत होती. त्या मिरवत होत्या.

"बाई, उकडत नाही का तुम्हाला?" विनोदिनीने पहिल्या बाकावरून विचारलं. तिने स्वतःचा मफलर केव्हाच काढून दप्तरावर टाकला होता.

"घसा धरलाय गं."

कार्तिकापासून माघापर्यंत धरलेला घसा! पोरींना खरं वाटलं असेल; माझं मलाच वाटेना. मानेवरून घामाचा ओघळ लोकरीत शिरला, लोकर टोचू लागली, आणि उरलेला तास तिने कविता शिकवली की व्याकरण, ते नंतर तिला आठवलं नाही.

घरी आली तेव्हा राजमतीआक्का, तिची घरमालकीण, ओसरीवर तिचीच वाट पाहत बसली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताटं वाढून तयार होती. हात धुतल्यावर आक्काने कमरेला खोचलेलं काहीतरी काढून चंदनाच्या मांडीवर ठेवलं. पांढऱ्या सुताचा गळपट्टा, कडेला बारीक हिरवी वेल.

"लोकर आत न्यायची न्हाय म्हणून येत न्हाईस व्हय गं बस्तीला? मला मेलीला आत्ता सुचलं. हे सुती हाय. हे चालतंय."

चंदनाने वेलीवरून बोट फिरवलं. हा गळपट्टा असला की बारा महिने झाकता येईल. ऊन असो, बस्ती असो, कुणी विचारणार नाही... तिने आक्काकडे पाहिलं. आक्काचा गळा मोकळा होता, नवरा गेल्यापासूनचा. त्या गळ्याला कुणी कारण विचारत नव्हतं.

"बांधू कसा, आक्का?"

"बांधायचं का नुसतं टाकायचं, ते तुझं तू बघ," आक्का म्हणाली आणि ताटं उचलायला वाकली. हिला ठाऊक आहे? केव्हापासून? वाकलेल्या पाठीवरून काहीच कळेना.

त्याच संध्याकाळी, आक्काबरोबर, बस्तीच्या पायरीशी येऊन चंदनाने चपला काढल्या. मग वांगी गाठ सोडली. घामाने ती घट्ट बसली होती, नखांनी उकलावी लागली. मफलर घडी करून कट्ट्यावर ठेवला तेव्हा संध्याकाळचं वारं मानेला लागलं, निपाणीच्या मोटारीतलंच ते वारं, पण आज ते गार लागून बरं वाटलं. सुती गळपट्टा तिने खांद्यावर घेतला. बोटं सवयीने गाठ मारू लागली आणि मध्येच थांबली. मग दोन्ही टोकं तिने विनोदिनी सोडते तशी मोकळी सोडली, एक पुढे, एक मागे. हिरवी वेल छान दिसत होती. दोन्ही टोकांच्या मधोमध उघडा गळा होता, तोही दिसत होता.

"अगं बाई, मास्तरीणबाई! आज आलात!" पायरी उतरणाऱ्या जयाबाई थबकल्या. शाळेच्या कमिटीवरल्या चौगुले वकिलांची बायको. त्यांची नजर गळपट्ट्यावर आली, वेलीवरून फिरली, मधोमध थांबली. "आणि हे... मालक निपाणीला असतात न्हवं तुमचं?"

आक्का एक पायरी वर, पाठमोरी, तशीच उभी राहिली.

घसा धरलाय, हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले. चंदनाने ते गिळले. आवाज आतून येताना तिला ऐकू येत होता, स्वच्छ, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तसा. आणि काय बोलायचं ते अजून पुरतं ठरलेलं नसतानाही, आपण आता खोटं बोलणार नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.