हॉर्नमध्ये कोंडलेला ग्यानोबा

वारंगा फाट्याच्या अलीकडे, टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत, दर गुरुवारी एक मृत मनुष्य हॉर्न वाजवत असे, आणि तो ऐकायला पंचक्रोशीतली जिवंत माणसे लोटत असत. मृताचे नाव ग्यानोबा. मुक्काम : अपघातात चेपलेल्या जीपचा हॉर्न, जो शेंदूर फासून बाभळीच्या खांबाला बसवला होता. ग्यानोबाचा मुखत्यार म्हणून हॉर्नबाबा नावाचे गृहस्थ खाली सतरंजीवर विराजमान होत. परवापरवापर्यंत हे महापुरुष त्याच दुकानात बॅटऱ्या चार्ज करत; परंतु अध्यात्माच्या क्षेत्रात पूर्वानुभवाचा दाखला मागण्याची पद्धत नाही.

"ग्यानोबा, हाईस का रं?" बाबाने डोळे मिटून हाक दिली.

हॉर्न आपोआप कडाडला. गर्दी शहारली, पण पुढे बसलेल्या साजीदचे तसे नव्हते. त्याच्या तळव्यांना घाम फुटला, छाती आवळली, आणि गर्दी, सतरंजी, ऊन सारे पुसले जाऊन तो पुन्हा जीपच्या स्टिअरिंगमागे अडकला. ओव्हरटेक करणारा ट्रक समोरून अंगावर आला, तेव्हा जीप त्याच्याच हातात होती. चूक ट्रकवाल्याची, हे पंचनाम्यानेही मान्य केले होते. साजीदच्या मनाने मात्र केले नव्हते. चेपलेल्या जीपचा हॉर्न, कोणीतरी वायर तोडीपर्यंत, एकसारखा बोंबलत होता आणि शेजारच्या सीटवरचा ग्यानोबा गप्प झाला होता.

तेव्हापासून साजीदला झोप नव्हती. डोळा लागलाच तर काचा फुटत. हमरस्ता टाळून तो बांधाबांधाने फिरे. हातातून पेला पडला तरी दचके आणि मग मंतशावर, आपल्या चिमुरड्या लेकीवर, विनाकारण ओरडे.

मागच्या सीटवरून वाचलेली ग्यानोबाची बायको जनकाबाई, तीही हॉर्न वाजताच पदर तोंडात धरून थरथरत होती.

"बघा, बघा!" बाबा गरजला. "तुमाला काई झालं का? न्हाई! जे गाडीत होते तेच थरथरून राहिले. मेलेल्यानं वळख दिली!"

या युक्तिवादाने पदवीधरही गार होत. पुराव्यासारखे दिसणारे काही समोर आले की शंका घेणे हा उद्धटपणा ठरतो.

"ग्यानोबा, ड्रायव्हरला सोडतो का?"

हॉर्न दोनदा वाजला. एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. मरणोत्तर ग्यानोबाची शब्दसंपत्ती एवढीच उरली होती.

"लेकरावर जाशील?"

एकदाच वाजला.

"झालं! साजीदमियाँ, पोरीला अन् तिच्या मायला उद्याच हट्ट्याला माहेरी धाडा. तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका. पुढं कधी आणायची ते ग्यानोबा सांगंल."

साजीदने मान डोलावली. लेक वाचणार असेल तर ती दुरावली तरी चालेल, एवढाच विचार त्याच्या थकलेल्या डोक्यात उरला होता.

"बाबा," बायकांमधून साजीदची बायको जाहेदा मेथीची पिशवी घेऊन उठली, "ग्यानोबाकाका बराबर ह्याच हॉर्नात हाईत ना?"

"सात गाठींनी बांधलाय त्याला!"

"मग हे काहून माझ्या मेथीखाली निजलेत?" तिने पिशवी उपडी केली. जुड्यांमागून चेपलेला, शेंदराने माखलेला हॉर्न बाहेर पडला. "दुपारी तुमी घोरत होते तवा काढला. दोन वायरी अन् एक नट. ड्रायव्हरची बायको हाये मी. वर बसवलाय तो सकाळी फाट्यावरून आणलेला. शेंदूर तुमच्याच डबीतला. मागनं बघा."

शाळेतल्या धम्मदीप गुरुजींनी खांबाजवळ जाऊन पाहिले. "स्टिकर हाय. एक वर्षाची गॅरंटी."

"आयला, ग्यानोबाला गॅरंटी बी भेटली!" मागून कोणीतरी ओरडले, आणि श्रद्धेने वाकलेल्या माना हसून हलू लागल्या.

"आत्मा उडून नव्यात गेला!" बाबाने पवित्रा बदलला.

"सात गाठी सोडून?"

तेवढ्यात हमरस्त्यावरून एक ट्रक हॉर्न ठोकत गेला. साजीद आणि जनकाबाई एकदमच दचकले.

"आता त्या ट्रकात बी काका बसले का?" जाहेदाने विचारले. "एकच माणूस किती गाड्या सांभाळंल?"

बाबाने डोळे मिटून घेतले, पण तो जागचा उठेना. गुरुजींना त्याचे बसून राहणे संशयास्पद वाटले. त्यांनी सतरंजीचा कोपरा उचलला. बाबाच्या पायाच्या अंगठ्याखाली घंटीचे बटण होते, आणि तिथून निघालेली वायर खांबाच्या बुडाशी शेंदरी कापडाखाली लपवलेल्या बॅटरीत गेली होती.

"अपघाताच्या दिवशी हॉर्नची वायर यानंच तोडली व्हती," जनकाबाई सावकाश म्हणाली. "गाडीत कोण कोण हाय ते यानं डोळ्यानं पाह्यलं." मग ती बाबाकडे वळली. "माझा माणूस जल्मात कधी मोठ्यानं बोलला न्हाई रं. तो हॉर्नात कशाला बसंल?"

गुरुजींनी बॅटरीची वायर उपटून काढली.

जाहेदाने तालुक्याच्या दवाखान्यातून बोलावून आणलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टर आकांक्षा गर्दीतून पुढे येऊन साजीदसमोर खाली बसल्या. हॉर्नच्या अदलाबदलीची त्यांनाही कल्पना नव्हती.

"पाय जमिनीला टेकवा, साजीदभाई. श्वास हळू सोडा. समोर काय दिसतंय?"

"मेथी."

"आणखी?"

"जाहेदा. रागात हाये."

"बरोबर ओळखलंत. म्हणजे तुम्ही इथं आहात, जीपमध्ये नाही. हा आजार आहे, त्याला आघातोत्तर ताण म्हणतात. त्या दिवशी तुमच्या जिवानं त्या आवाजाची धास्ती घेतली. आता कुठलाही हॉर्न वाजला की अपघात पुन्हा होतोय असं शरीराला वाटतं. जनकाबाईंचंही तेच. दवाखान्यात या, बोलू, हळूहळू गाडीजवळ जाऊ, लागलं तर औषध देऊ."

"मंतशाला धाडू का?" साजीदने विचारले. स्वतःविषयी त्याने काहीच विचारले नाही.

"हा आजार लेकरावर उडी मारत नाही. तुम्ही ओरडता तेव्हा ती भिते, एवढंच. तिला सांगा, अब्बाला बरं नाही, पण बरं होणार आहे."

मंतशा हट्ट्याला गेली नाही; साजीद मात्र दवाखान्यात जाऊ लागला. पुढे काही दिवस दुरुस्त होऊन आलेल्या, बंद उभ्या जीपमध्ये बापलेक संध्याकाळचे नुसते बसून राहत. "अब्बा, कुठं चाललो?" "आज कुठंच न्हाई." मग एके सकाळी गाडी तिच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेली. साजीदचा सदरा घामाने भिजला होता. पण परतही तोच घेऊन आला.

हॉर्नबाबाने एकाच चमत्कारावर दुकान थाटले होते : भ्यालेल्या माणसाला पुन्हा भिववले की तो भितो. भरत आलेल्या जखमेची खपली तो दर गुरुवारी उचकटत होता आणि त्याला दर्शन म्हणत होता. अपघातातून वाचलेले तुमचे माणूस महिना उलटूनही झोपत नसेल, दचकत असेल, रस्ता टाळत असेल, तर त्याला कोणी धरले आहे हे शोधत फिरू नका. त्याला तुम्ही धरा, आणि दवाखान्यात न्या.