विहीणबाईंचा मशीनचा वार

माझ्या जावयाचा स्वतःच्या गाडीवर जेवढा जीव आहे तेवढा कशावरच नाही. काळी, उंच, आत चढायला पायरी लागते अशी गाडी. तो ती रोज चार किलोमीटरवरच्या ऑफिसात नेतो आणि रविवारी धुतो. मागच्या काचेवर डोंगराचं चित्र चिकटवलंय. डोंगर त्याने चित्रातच पाहिला असावा.

त्या गुरुवारी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही ह्यांच्याबरोबर जा. आईंना मशीनवर न्यायचंय. रस्त्यात पाणी आहे आणि हे म्हणतात काही होत नाही."

आई म्हणजे तिची सासू, माझी विहीण. दोन्ही किडन्या बंद पडलेल्या. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला मशीनवर जावं लागतं. पाण्यापायी मंगळवार बुडाला होता. आज बुडाला तर छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पोचलो तेव्हा बाई गाडीत बसल्या होत्या. तोंड सुजलेलं, एका वाक्यात दोनदा दम.

"या व्याही," त्या म्हणाल्या. "पोराला गाडी शिकवायला आलात?"

"शिकायचं वय गेलं त्याचं," मी म्हणालो.

एकतीस वर्षं मी पाण्याचा टँकर चालवला. पाच महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मला कोणी काही विचारत नाही. सगळे सांगतात. फिरायला जा, वाचन करा, मन रमवा. ही माणसं स्वतः कशात मन रमवतात ते मी पाहिलंय.

पुलाखाली, उताराच्या तळाशी पाणी साचलं होतं. दीडशे-दोनशे पावलं पाणी, पलीकडे चढ, चढावर हॉस्पिटल. दुसरा रस्ता कालच खचला होता.

"आधी थांब," मी म्हणालो. "काचा खाली घे. पट्टे सोडा. एसी बंद."

"बाबा, ही गाडी ऐंशी सेंटीमीटर पाण्यातून जाते. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकातलं पाणी हलत नाही. समोरून कोणी आलं की लाट येते. आपण एकटे असू तेव्हाच उतरायचं. एक नंबर गिअर, पाय पॅडलवर एकसारखा, मध्ये सोडायचा नाही."

"तुमचा टँकर जुना होता हो. ही ऑटोमॅटिक आहे."

"मग तूही ऑटोमॅटिक हो आणि सांगतो तसं कर."

मागून विहीणबाई हसल्या आणि खोकल्या. "आमच्या विहीणबाई, तुमची बायको, आज असत्या तर तुम्हाला असं बोलू दिलं नसतं."

खरं होतं. माझं तोंड सुटायला लागलं की बायको माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. त्या दिवशी गुडघा मोकळा होता.

कोणीतरी पुढे चालून तळ बघायला हवा होता. गटाराची झाकणं लोक उघडून ठेवतात आणि घरी जाऊन चहा पितात. जावयाने आपल्या बुटांकडे पाहिलं. तेव्हा मीच उतरलो, पुलाच्या कडेचा एक बांबू उचलला आणि टोचत टोचत निघालो. तो मागून येत राहिला. पाणी गुडघ्यावर, मग मांडीवर. डाव्या बाजूला बांबू एकदम आत गेला. मी हात केला, त्याने गाडी उजवीकडे घेतली. तेवढं त्याला कळलं, हे मान्य करतो.

अर्ध्यावर आलो आणि समोरच्या चढावरून एक बस सुसाट खाली उतरली. मी बांबू हलवून ओरडलो. बसवाल्याला बहुधा तो रामराम वाटला. लाट बॉनेटवर आली, गाडीने एक गचका दिला आणि इंजिन गप्प झालं.

"हात लावू नको!" मी बोंबललो. "चालू करू नको! पाणी आत गेलंय!"

त्याने बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. तो आवाज मी आयुष्यात दोनदा ऐकलाय आणि दोन्ही वेळा इंजिनातला दांडा वाकला होता.

"फक्त बघत होतो," तो म्हणाला.

"बघितलंस?"

मी मागच्या खिडकीतून पाहिलं, विहीणबाईंना श्वास पुरत नव्हता. ओठ निळसर दिसत होते. जावई फोन काढून गाडीच्या कंपनीला लावायला लागला. आई मागे श्वासासाठी धडपडते आहे आणि हा कंपनीला विचारतोय!

"फोन ठेव. दार उघड. त्यांना माझ्या पाठीवर दे."

"बाबा, तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे आहात."

"मग तू घेतोस?"

तो चाळिशीचा आहे, जिमला जातो. त्याच्या कमरेत म्हणे चमक होती. मी खाली वाकलो. त्याने बाईंना माझ्या पाठीवर चढवलं.

"डावा हात वर धरा," मी म्हणालो. सुया त्याच हाताला टोचायच्या असतात, त्याच्यावर दाब नको.

"मी जड आहे," बाई माझ्या कानात म्हणाल्या. "चार किलो तर नुसतं पाणीच आहे अंगात."

"पाणीच वाहिलंय जन्मभर. गप्प बसा, दम वाचवा."

सत्तर पावलं होती. मी मोजली, कारण मोजलं नसतं तर खाली बसलो असतो. बायकोला शेवटी बाथरूमपर्यंत असंच न्यायचो, पण ती हलकी झाली होती. चढ लागला तसा एक भाजीवाला हातगाडी घेऊन धावला. बाईंना हातगाडीवर बसवून आम्ही दोघांनी ढकललं.

नर्सने घड्याळ पाहिलं. "उशीर झाला. पण आज निम्मे पेशंट आलेच नाहीत, मशीन रिकामं आहे." सुया गेल्या, नळीत रक्त चढलं, मशीन फिरू लागलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पँटमधून फरशीवर पाणी गळत होतं.

पहिला अर्धा तास बाई नुसत्या श्वास घेत होत्या. नर्स दोनदा येऊन आकडे बघून गेली, तिसऱ्यांदा तिने मान डोलवली.

"तो कुठाय?" बाईंनी विचारलं.

"गाडीला धरून उभा असेल."

"लहानपणीही असाच होता." मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि तुम्हाला चालताना एवढे हिंदकळे कशाला द्यायला हवे होते? कंबर मोडली माझी. माणूस आहे की पोतं?"

बाई आता वाचल्या, हे माझ्या लक्षात आलं. मी चहा शोधायला गेलो.