सोमवारी न उठणारी गाडी

मी एक जुना, पिवळा मल्टिमीटर आहे. वीज मोजणं हा माझा धंदा. मित्रांनो, मी स्वस्तातला आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल, फसवलं! पण स्वस्त म्हणजे खोटारडा नव्हे. खोटं मी जन्मात बोललो नाही. तरी एका माणसाने मला खोटं ठरवलं, आणि तो राग गिळायला मला फार वर्षं लागली.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझ्यासारखे हजारो तयार झाले. मी येऊन पडलो तो सर्बियातल्या पिरोत गावच्या रविवारच्या बाजारात, सवेता मावशीच्या ताडपत्रीवर, कुलपं आणि विळ्यांच्या मध्ये. जानेवारी होता. डोंगरावरून फक्त बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एकुलत्या एका बसने रादोये नावाचा म्हातारा उतरला आणि थेट आमच्यापाशी आला.

"गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरते. कोण पितंय ते शोधायचंय," असं म्हणत त्याने एक मोठा, चकचकीत मीटर उचलला.

"ठेव तो खाली," मावशी म्हणाली. "त्यातल्या अर्ध्या खुणा तुला मरेपर्यंत लागायच्या नाहीत. हा पिवळा घे. दहा अँपिअरचं भोक आहे का आणि त्यामागे फ्यूज आहे का, एवढंच बघायचं असतं. याला दोन्ही आहे. आणि शोधत कशाला बसतोस? गाडी उभी केलीस की बॅटरीची तार काढून ठेव, सुटलास."

"ते जमायचं नाही," रादोये तुटकपणे म्हणाला.

"बरं बाबा. पण हा लावलेला असताना किल्ली फिरवू नकोस. फ्यूज गेलाच म्हणून समज."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"म्हणूनच जास्तीचा फ्यूज पाठीला चिकटवून देते."

घाई कसली होती, ते घरी गेल्यावर कळलं. रादोयेच्या बायकोची, दारिंकाची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तिला पिरोतला नेऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून आणावं लागे. बर्फात दवाखान्याची गाडी त्यांचा चढ चढत नसे. बुधवारी, शुक्रवारी यांची गाडी खोकत का होईना, उठायची. पण दोन दिवस उभी राहिली की सोमवारी मुडदा! गेल्या सोमवारी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून ती चालू केली. पोचायला इतका उशीर झाला की दारिंकाला श्वास घेता येईना. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. आता शेजारी ट्रॅक्टर घेऊन लेकीकडे गेला होता, आणि उद्या सोमवार.

रादोयेने आधी माझ्याकडून बॅटरीचा दाब मोजला. बारा पूर्णांक दोन व्होल्ट. जीव होता अजून. गळती आजच थांबली तर गाडी उद्या उठली असती. उद्यापर्यंत गळती चालू राहिली, की संपलं.

बॅटरीची काळी तार सोडवून त्याने मला मध्ये जोडलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने किल्ली फिरवलीच! माझा फ्यूज तडकला. त्याने माझे आईबाप काढत शिव्या दिल्या आणि दुसरा फ्यूज घातला. आता तिसरा नव्हता.

मी आकडा दाखवला, शून्य पूर्णांक चव्वेचाळीस अँपिअर. झोपलेल्या गाडीला शून्य पूर्णांक शून्य तीन पुरे असतात. म्हणजे चोर आत होता. रादोये गाडीतले फ्यूज एकेक करून उपसू लागला. ज्याने आकडा पडेल, तिथे चोर. पहिला, दुसरा... चौदाही उपसले. आकडा जागचा हलला नाही. ऊन डोंगरामागे चाललं होतं.

"खोटा आहे हा! भंगार!" तो ओरडला. माझी तार हिसकायला हात पुढे आला, तेवढ्यात दारिंका कॉफी घेऊन बाहेर आली.

"अरे, ओरडतोस काय? सगळ्या तारा तपासल्यास?"

"सगळ्या!"

"आणि ही?"

तिने पुढच्या काचेपाशी बोट दाखवलं. तिथे त्यांच्या घराण्याचे राखणदार संत निकोला यांची तसबीर होती, आणि तिच्याखाली इवलासा लाल दिवा. शरद ऋतूत दारिंकाचं दुखणं कळलं तेव्हा रादोयेने नवस केला होता, की ती बरी होईपर्यंत हा दिवा विझणार नाही. किल्ली काढली तरी जळावा म्हणून त्याची तार स्वतःच्या हाताने थेट बॅटरीला नेली होती, फ्यूजशिवाय. बॅटरी मेली की दिवाही जाई, म्हणून रादोये त्याला चोरांत नाही, लुटलेल्यांतच धरत होता.

"ती मोजायची नसते. ती संताची आहे."

"पिते तर आपल्याच बॅटरीचं."

"नवस आहे माझा, दारिंका! दिवा विझला आणि तुला काही झालं तर?" त्याचा आवाज फाटला.

"आणि उद्या गाडी उठली नाही तर? संत वाटसरूंना पोचवतात म्हणे. मला काय अंगणात बसवून पोचवणार आहेत?"

तो हलेना. मग तिनेच छातीवर क्रूस काढला आणि सुजलेल्या बोटांनी बॅटरीवरची ती तार उपटली.

माझा आकडा धाडकन खाली आला. शून्य पूर्णांक शून्य तीन.

"बघ," ती म्हणाली. रादोये पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सोमवारी पहाटे गाडी दोनदा कण्हली आणि तिसऱ्यांदा उठली. दारिंका वेळेवर पोचली. मग रादोयेने ती तार किल्लीमागे जोडली. गाडी चालू लागली की दिवा लागे. "उभ्या गाडीत संतांनाही झोपू दे की," दारिंका म्हणायची. त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही.

सहा वर्षांनी ती गेली, आपल्याच अंथरुणात. रादोयेने एकदा काहीतरी मोजलं, आणि मला चालूच ठेवून खोपटात टाकून दिलं. माझ्या पोटातली बॅटरी आधी मेली, मग पाझरली. चार वर्षं मी हिरवा पडत होतो आणि कोणी फिरकलं नाही. वाईट वाटलं हो, खूप वाटलं.

गेल्या आठवड्यात त्याने मला शोधून काढलं, व्हिनेगरने घासलं, नवी बॅटरी घातली. मी शून्य दाखवलं. "आहेस होय रे अजून?" तो म्हणाला. मग बाहीने माझी काच पुसत हळूच म्हणाला, "तुला भंगार म्हणालो होतो मी. चुकलं माझं."

तेव्हा मित्रांनो, काम झालं की माझी कळ आठवणीने बंद करा. माझ्याही पोटात बॅटरी आहे. आणि चोर सापडत नसेल तर माझ्यावर ओरडण्याआधी, आपल्याच हाताने मायेने जोडलेली तार एकदा तपासा. रादोयेला ते जमलं नाही. दारिंकाला जमलं, म्हणून तिला आणखी सहा हिवाळे मिळाले.